ए-४ कागदावरची कॅनडाची नोकरी

तीन लाख ब्याण्णव हजार शंभर रुपये. आकडा आधीच सांगून टाकते. 'एकूण किती गेले गं?' हे इतक्या जणांनी विचारून झालंय, की आता कुणी तोंड उघडायच्या आत मीच सांगते. ऐकल्यावर बहुतेकांचा चेहरा सारखाच होतो. वरवर हळहळ, आणि आत 'आपण नसतो बाई असे फसलो'. खुशाल म्हणा. वर्षभरापूर्वी मीही म्हणत होते.

अकरा वर्षं पॅकेजिंग आणि ब्रँडिंग करतेय. नोकरीसाठी पैसे मागणारा माणूस चोर असतो हे मला ठाऊक होतं, तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून ते धडे पुन्हा गिरवत नाही. डिझायनरला कसं पकडतात तेवढं सांगते, कारण आमच्यासाठी गळाला लावलेलं आमिष वेगळं होतं.

ऑक्टोबरात व्हँकुव्हरच्या एका स्टुडिओच्या नावाने मेसेज आला. स्टुडिओ खरा आहे, नावाजलेला आहे, त्याचा बिचाऱ्याचा यात काही संबंध नाही म्हणून नाव लिहीत नाही. माझ्या पोर्टफोलिओतल्या मसाल्यांच्या डब्यांवर त्यांनी दोन परिच्छेद लिहिले होते. ठरावीक साच्यातलं कौतुक नव्हतं ते. झाकणावरची रेघ अंगावर का उतरते आणि ती तिसऱ्या डब्यावर का थांबते, हे त्यांना कळलेलं होतं. अकरा वर्षांत क्लायंटकडून मी ऐकलेलं सर्वात सखोल मत म्हणजे 'लोगो जरा मोठा करा'. त्या दोन परिच्छेदांची किंमतच मी पुढे हप्त्याहप्त्याने भरली.

मग टेस्ट. बाळांच्या खाऊच्या पाकिटांची मालिका, तीन चवी, इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही मजकूर. कॅनडात पाकिटावर दोन्ही भाषा लागतात हा खराच नियम आहे, त्यामुळे टेस्टही खरी वाटली. नऊ रात्री घातल्या. फीडबॅक आला की फ्रेंच ओळ इंग्रजीपेक्षा लांब होते, तिला श्वास घ्यायला जागा ठेव. बरोबर होतं हो ते! म्हणजे त्या टोळीत कुठेतरी आपल्यापैकीच एक डिझायनर बसलाय. पैशांपेक्षा हे जास्त डाचतं. (टेस्टला दोन-तीन तासांच्या वर वेळ लागणार असेल तर मानधन मागा. आणि काहीही पाठवा, वॉटरमार्क घालून पाठवा. हे का सांगतेय ते शेवटी कळेल.)

इंटरव्ह्यू दोनदा व्हिडिओवर झाला, पण समोरचा कॅमेरा बंद. 'आमच्या इमारतीत आज नेटचा घोळ आहे.' दोन्ही वेळा आजच होता.

आता पैसे. स्टुडिओने एक पैसाही मागितला नाही. उलट ईमेलखाली ठळक ओळ होती: आम्ही उमेदवाराकडून कुठलीही फी घेत नाही, कुणी मागितली तर आम्हाला कळवा. चोरानेच दाराला कुलूप लावून किल्ली आपल्या हातात द्यावी, तसं. पैसे मागितले ते त्यांनी 'सुचवलेल्या' इमिग्रेशन कन्सल्टंटने, आणि माझ्या डोक्यात ही दोन वेगळी माणसं होती.

पहिले ११,८०० रुपये. पोर्टफोलिओ मूल्यांकन, कारण म्हणे कॅनडात ग्राफिक डिझायनरला परवाना लागतो. नाही लागत. ओंटारिओत आरजीडी म्हणून संस्था आहे, तिची पदवी नावापुढे लावायची तर तिचं सभासद व्हावं लागतं, पण त्यावाचून काम कुणी अडवत नाही. हे शोधायला मला नंतर चार मिनिटं लागली. दहा हजार अधिक १८ टक्के जीएसटी, पक्की पावती, म्हणून मी निर्धास्त. पावतीवर 'प्रायव्हेट लिमिटेड', आणि जीएसटी क्रमांकाच्या पोटात जो पॅन असतो त्याचं चौथं अक्षर 'पी', म्हणजे एकट्या माणसाचा पॅन. कंपनीच्या पॅनला तिथे 'सी' असतं. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला तेव्हा निघाला एक टाइल्सचा व्यापारी. त्याला तरी माहीत असेल का, देव जाणे.

दुसरे ६३,००० रुपये. एलएमआयएची फी, १,००० कॅनेडियन डॉलर. एलएमआयए म्हणजे परदेशी माणूस घ्यायची गरज आहे असं मालकाने तिथल्या सरकारकडून मिळवायचं मत. ती फी खरोखर हजार डॉलरच आहे, आणि ती मालकानेच भरायची असते. कामगाराकडून वसूल करायला नियमानेच बंदी आहे. आकडा खरा होता म्हणून मी फसले. खोटा असता तर कदाचित वाचले असते.

तिसरे १,१८,००० रुपये, कागदपत्रं आणि वकील. इथे त्याने सांगितलं की एलएमआयए असलं की पीआरच्या, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवानगीच्या, यादीत ५० गुण जास्त मिळतात. जॉब ऑफरचे ते गुण कॅनडाने २५ मार्च २०२५ पासून बंदच केलेत. मी नोव्हेंबरात पैसे भरत होते.

तुम्ही म्हणाल, कन्सल्टंट तपासला नाहीस का? तपासला! पैसे घेऊन सल्ला देणाऱ्या कन्सल्टंटची तिथे एक अधिकृत संस्था आहे आणि तिची नोंदवही कुणालाही बघता येते. त्याने दिलेलं नाव आणि परवाना क्रमांक टाकला, दोन्ही जुळले, सगळं हिरवं. फक्त ज्या माणसाचं ते नाव होतं तो आणि माझ्याशी बोलणारा, हे दोघे वेगळे. नोंदवहीतून संपर्क काढून त्यावर विचारायचं असतं, समोरच्याने दिलेल्या नंबरवर नाही. एवढीच एक पायरी राहिली.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे अजून रात्री जाग येते.

करार सही करायला आला. सहीची प्रतिमा चिकटवायला मी फाइल इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. पान २१० बाय २९७ मिलिमीटर. ए-४.

कॅनडात ए-४ वापरत नाहीत. अमेरिकेसारखाच तिथे लेटर साइज कागद चालतो, साडेआठ बाय अकरा इंच. हे मला पुस्तकातून माहीत नव्हतं. एका अमेरिकन क्लायंटचं अख्खं ब्रोशर मी एकदा ए-४ वर लावलं होतं आणि स्वतःच्या खर्चाने पुन्हा केलं होतं. असली चूक माणूस जन्मात विसरत नाही. व्हँकुव्हरच्या ऑफिसात कुणी करार टाइप केला तर पान आपोआप लेटर साइजचं उघडणार. ते ए-४ चं आहे याचा अर्थ तो करार तिथे टाइप झालेलाच नाही. मला हे दिसलं. दिसलं, समजलं, आणि मी काय केलं? मनात म्हटलं, बाहेरच्या लोकांसाठी मुद्दाम ए-४ करत असतील, किती विचार करतात! आणि सही चिकटवली.

मग एलएमआयएचं पत्र आलं. वर कॅनडाचा झेंडा आणि शेजारी खात्याचं नाव. कॅनडा सरकारच्या त्या ओळखचिन्हाला हेल्वेटिका हा फॉन्ट ठरलेला आहे, डिझाइनवाल्यांना हे तोंडपाठ असतं. पत्रात त्याच्यासारखाच दिसणारा एरियल होता. 't' चं डोकं तिरकं कापलेलं, 'R' चा पाय सरळ तिरपा. ज्युनिअर मुलांना मी हाच फरक शिकवते, आणि न ओळखणाऱ्याला चहा पाजायला लावते. नवरा मागे उभा होता. म्हणाला, 'अशी का बघतेस?' मी म्हटलं, 'काही नाही, सरकारी लोकांना कुठला आलाय फॉन्ट.' त्याने विचारलं, नक्की ना? तर मी त्याच्यावरच उखडले, की तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही. त्याने नंतर एकदाही हे काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

आणखी एक. 'व्हँकुव्हरच्या' एचआर बाईंचे मेसेज यायचे आपल्या सकाळी अकराच्या सुमारास. हिवाळ्यात तिकडे तेव्हा आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. रोज. मी मैत्रिणीला सांगत होते, काय कामसू माणसं आहेत!

चौथा हप्ता १,७५,००० रुपये, 'सेटलमेंट फंड', परत मिळणारी अनामत. हे आईच्या एफडीतले. असा फंड कुठल्याही मार्गात आपल्याच खात्यात दाखवायचा असतो, कुणाच्या खात्यात भरायचा नसतो. पाचवा ९ जानेवारीला, २४,३०० रुपये, वर्क परमिट आणि बायोमेट्रिक्सची 'अर्जंट स्लॉट'. खरी फी १५५ आणि ८५ डॉलर, मिळून पंधरा हजारांच्या आसपास, आणि ती सरकारी साइटवर आपण स्वतः भरायची. पाचही वेळा खातं वेगळं होतं. विचारलं तेव्हा म्हणाले, ऑडिटमुळे.

१९ जानेवारीला रात्री साडेअकराला, तिकडचे सकाळचे दहा, मी स्टुडिओच्या खऱ्या साइटवरच्या नंबरवर फोन केला. खऱ्या आणि खोट्या साइटच्या पत्त्यात फक्त एका आडव्या रेघेचा फरक. फोन घेणाऱ्या मुलीने माझं नाव ऐकून घेतलं आणि फार हळू आवाजात म्हणाली, या महिन्यातल्या तुम्ही चौथ्या.

त्याच रात्री १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार केली. तुम्ही दहा दिवस थांबू नका, पहिल्या तासांत करा, पैसे पुढे सरकायच्या आत. माझ्या शेवटच्या हप्त्यातले १८,४०० एका खात्यात सापडले आणि गोठवले गेले. बाकीचे अक्कलखाती.

आणि मग सुरू झाली ती टोलवाटोलवी. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: 'ग्राफिक डिझाइन म्हणजे फ्लेक्स ना?' दुसरा: 'पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवले ना, मग चोरी कुठे झाली?' तिसरा प्रश्न नव्हता, हद्द होती. खाती परराज्यातली, तिकडे जा. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. त्या कलमाची प्रिंट घेऊन दुसऱ्या दिवशी गेले, तर साहेब म्हणाले, 'वकील आहात का?' तिसऱ्या खेपेला साधा अर्ज घेतला, एफआयआर नाही. चौसष्ट पानं प्रिंट करून नेली होती. त्यांनी ती पेन ड्राइव्हवर मागितली. पेन ड्राइव्ह नेला तेव्हा संगणकाला बाहेरचा ड्राइव्ह लावायला बंदी निघाली, पुन्हा प्रिंट.

बँक म्हणते, एफआयआर आणा. ठाणं म्हणतं, बँकेच्या शिक्क्याचं स्टेटमेंट आणा. बँक शिक्का द्यायला अर्जावर ठाण्याची पोच मागते. पोच देणारे शिपाई रजेवर. सायबरवाले म्हणाले, ठाण्यातून वर्ग होऊन येऊ दे. ठाण्यात म्हणाले, आम्ही वर्ग केलंय. दोन महिने मी या दोन खिडक्यांमध्ये खेटे घालतेय आणि प्रत्येक खिडकीवर कुणीतरी मला सांगतं, 'मॅडम, तुम्ही तर शिकलेल्या.' हे वाक्य पुन्हा ऐकलं तर मी कुणाच्या तरी टेबलावर डोकं आपटेन. शिकलेल्यांसाठी वेगळा कायदा आहे का? न शिकलेली बाई आली असती तर घेतली असती एफआयआर? आणि जे १८,४०० गोठलेत, ते माझेच आहेत हे सगळ्यांना मान्य आहे, तरी परत मागितले की मला सांगतात, कोर्टाचा आदेश आणा. त्यासाठी वकिलाने सांगितलेली फी १५,०००. करा हिशोब.

चॅट पुसू नका. लाज वाटली तरी पुसू नका, मी रागाच्या भरात अर्धं पुसलं होतं. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, वेगळा लिहून ठेवा. ज्या मालकांना एलएमआयए मिळाली त्यांची यादी कॅनडा सरकार दर तिमाहीला खुली करतं, कंपनीचं नाव तिथे शोधा. आणि आधी फोन करा हो, आधी!

हे सगळं लिहायचं नव्हतं मला. पण गेल्या आठवड्यात एका अनोळखी मुलीचा मेसेज आला. 'ताई, तुम्ही त्या स्टुडिओत लागलात ना? साइटवर तुमचं काम पाहिलं. मलाही ऑफर आलीये, तिकडे वातावरण कसं आहे?' सोबत स्क्रीनशॉट. आडव्या रेघेच्या त्या साइटवर 'आमच्या नव्या डिझायनरचं ताजं काम' या मथळ्याखाली माझी तिन्ही पाकिटं होती, फ्रेंच ओळीला छान श्वास घ्यायला जागा ठेवलेली.

तिने ११,८०० भरले होते. ६३,००० ती दुसऱ्या दिवशी भरणार होती.