हायपरस्कॅन: साताऱ्यापासून वाईपर्यंत

एका जुन्या साप्ताहिकाचे अंक टाइप करून घेतले आहेत आणि कोणती बातमी कुठल्या तालुक्याची, याच्या खुणा लावायचं काम माझ्याकडे आहे. राज्यात ३५८ तालुके. प्रत्येक नावाची विभक्तीतली रूपं धरली की यादी दीड हजाराच्या घरात जाते. तेवढ्या वेळा तोच मजकूर चाळणं मला पटेना. एकदाच वाचून सगळे शब्द एकदम शोधायची युक्ती आहो आणि कोरासिक या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये मांडली होती, तीही ग्रंथसूचीतल्या शोधासाठी. म्हणजे जवळपास माझ्याच कामासाठी. आज त्या जातीच्या कामाला मी सी भाषेतून हायपरस्कॅन ही लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, वापरते, आणि वर्षभराच्या वापरानंतर ती मनापासून आवडली आहे.

ही लायब्ररी मुळात नेटवर्कवरून वाहणारा डेटा तपासण्यासाठी घडली. स्नॉर्ट आणि सुरिकाटा ही नेटवर्कवरची घुसखोरी पकडणारी सॉफ्टवेअर तिचा वापर करतात. मराठी बातम्या तिच्या कर्त्यांच्या स्वप्नातही नसतील, तरी तिचा इंटरफेस इथे चपखल बसतो. शब्दांची यादी द्यायची, तिचा डेटाबेस बनवून घ्यायचा, कामापुरती स्क्रॅच मेमरी मागायची आणि मजकूर पुढे करायचा. शब्द सापडला की ती तुमचं कॉलबॅक फंक्शन बोलावते आणि सांगते: अमुक क्रमांकाचा शब्द, अमुक बाइटवर संपला. बस, एवढंच. थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, अनेक असतील तर प्रत्येकाला स्वतःची स्क्रॅच लागते, हे मात्र विसरू नका.

शब्द कुठे सुरू झाला हे ती आपणहून सांगत नाही. त्यासाठी वेगळा फ्लॅग, म्हणजे चालू करायचा पर्याय, आहे, पण त्याचा भार पडतो. मला तो लागलाच नाही. शब्द ठरलेले आहेत, प्रत्येकाची लांबी मी एका तक्त्यात ठेवते आणि शेवटातून वजा करते.

'सातारा' घ्या. बातमीत तो 'साताऱ्यात', 'साताऱ्याहून' असा येतो, म्हणून यादीत 'साताऱ्या' हवा. पण यातला ऱ्य संगणकात एकाच पद्धतीने लिहिलेला नसतो. कुणी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतं, कुणी र, हलन्त आणि न दिसणारा जोडक टाकून तोच आकार आणतं. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत मात्र पहिला 'साताऱ्या' २४ बाइटचा आणि दुसरा २७ बाइटचा. एकच रूप शोधलं तर निम्म्या बातम्या हातातून निसटतील. मी दोन्ही रूपं यादीत घातली. दोघांना एकच क्रमांक देण्याची मुभा आहे, पण मग लांबीचा हिशेब चुकतो. म्हणून क्रमांक वेगळे, आणि दोन्ही एकाच तालुक्याकडे नेणारा तक्ता माझा.

एक चूक मला दोन दिवस पुरली. सुरुवातीला मी रेगेक्स, म्हणजे खास चिन्हांनी लिहिलेला शोधाचा नमुना, घेणारं फंक्शन वापरलं आणि यादीत 'ता.' हा तालुक्याचा संक्षेपही टाकला. तिथे टिंबाचा अर्थ 'कोणताही एक बाइट'. मग 'होता', 'जाता', 'तालुका', 'ताप' सगळे सापडू लागले. ५.२ आवृत्तीपासून शब्द जसाच्या तसा घेणारी वेगळी फंक्शनं आहेत, त्यांना शब्दासोबत त्याची लांबीही द्यायची असते. ठरलेल्या शब्दांच्या यादीसाठी तीच घ्या.

स्ट्रीमिंग पद्धतीचं मला विशेष कौतुक. फाइल मी ६५,५३६ बाइटच्या तुकड्यांत वाचते. देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइटचा, त्यामुळे तुकड्याच्या टोकाला अक्षर मधोमध तुटू शकतं. अर्धा 'शिरूर' इकडे, अर्धा पुढच्या तुकड्यात. हायपरस्कॅन मागची आठवण ठेवते आणि शब्द पुरा झाला की कळवते. शिवाय 'शिरूर' आणि 'शिरूर अनंतपाळ' दोन्ही यादीत असतील तर दोन्ही सांगते, एक पुण्याचा, दुसरा लातूरचा. जास्त लांबीचं नाव ग्राह्य धरायचं, हा निर्णय माझ्या कोडमध्ये. तो तिथेच असावा.

घेण्याआधी परवाना पाहा. ५.४ पर्यंतच्या आवृत्त्या बीएसडी परवान्याखाली खुल्या आहेत, पुढच्या तशा नाहीत. मशीनचा प्रोसेसर एआरएम जातीचा असेल तर व्हेक्टरस्कॅन हा हायपरस्कॅनमधूनच निघालेला फाटा घ्या. फंक्शनांची नावं तीच, माझा कोड न बदलता चालला.

शब्दाची सीमा मात्र तुम्हालाच सांभाळावी लागते. 'वाई' शोधा, आणि पोलिसांची प्रत्येक 'कारवाई' वाई तालुक्यात जाऊन बसते. म्हणून कॉलबॅकमध्ये मी आधीचे तीन बाइट बघते: तिथे देवनागरी अक्षर किंवा मात्रा असेल तर तो शब्द सोडून द्यायचा. उजव्या बाजूला असं सरसकट करता येत नाही, कारण 'वाईत' आणि 'वाईला' हवे आहेत. तिथे मी प्रत्ययांची छोटी यादी ठेवली आहे. 'त' चालतो, 'ला' चालतो, 'हून' चालतो. 'ट' आला की ती बातमी वाईची नाही, कुठेतरी काहीतरी वाईट झालं आहे.