अंड्याच्या कार्टनवरचा तीन आकडी नंबर, बरेच महिने बघून झाल्यावर

न्यू जर्सीत राहतो, अंडी घरात रोज लागतात. 29 मार्चला डिलिव्हरी ॲपवरून पाश्चर रेज्ड (म्हणजे कुरणावर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांची) प्लस ऑरगॅनिक असं सगळं छापलेलं कार्टन मागवलं, डझनाला नऊ डॉलर मोजले, आणि हाफ फ्रायला तव्यावर फोडलं तर पांढरं पाण्यासारखं कडेपर्यंत पसरलं, बलक चपटा. कस्टमर केअरचं म्हणणं सेल बाय, म्हणजे दुकानाने विकायची शेवटची तारीख, 30 मार्च आहे, म्हणजे अंडी चांगली आहेत, रिफंड बसत नाही. पण कार्टनच्या कडेला तीन आकडी नंबर होता 060! हा पॅकिंगचा दिवस असतो, 001 म्हणजे 1 जानेवारी, 365 म्हणजे 31 डिसेंबर, तर 060 म्हणजे 1 मार्च. चार आठवडे जुनी अंडी नऊ डॉलरला. नियमात बसतं कारण यूएसडीएचं, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याचं, ढालीचं चिन्ह असलेल्या कार्टनवर सेल बाय पॅकिंगपासून 30 दिवसांपर्यंत टाकता येते, आणि बेस्ट बाय लिहिलं असेल तर 45. खराब नसतात, फ्रिजमध्ये टिकतात, पण ताजी म्हणून पैसे घेऊ नका ना.

म्हणून माझं म्हणणं, दुकानात स्वतः जा आणि मागच्या रांगेतलं कार्टन काढा, पुढे जुना माल लावलेला असतो. एकाच ब्रँडच्या, एकाच भावाच्या दोन कार्टनमध्ये मला दोन आठवड्यांचा फरक सापडलाय. आणि अंडा करीसाठी उकडायची असतील तर उलट जुना नंबर घ्या, ताज्या अंड्याचं कवच सोलताना निम्मं पांढरं बरोबर निघून येतं.

आता झाकणावरच्या शब्दांबद्दल. नॅचरलला अंड्यावर काही अर्थ नाही. नो हॉर्मोन्सचे पैसे तर अजिबात देऊ नका, इथे कोंबड्यांना हॉर्मोन द्यायला कायद्यानेच बंदी आहे, सगळ्याच अंड्यांवर ते लिहिता येईल. ब्राऊन अंडी बघून आई विचारते गावठी आहेत का, तर नाही, तो फक्त कोंबडीच्या जातीचा रंग. ग्रेड डबल ए हा अंड्याचा दर्जा, पण तोही पॅकिंगच्या वेळचा, आणि कोंबडी कशी जगली याच्याशी त्याचा संबंध नाही.

सुरुवातीला मी साधी पांढरी डबल ए घ्या असंच सगळ्यांना सांगायचो, 2025 च्या मार्चमध्ये बर्ड फ्लूमुळे सरासरी भाव डझनाला 6.23 डॉलरवर गेला तेव्हा तर आणखी जोरात. मग वाचलं की पिंजऱ्यातल्या कोंबडीला साधारण 67 चौरस इंच जागा मिळते, प्रिंटरमधला लेटर साइज कागद त्याहून मोठा असतो. त्यानंतर ते कार्टन हातात घ्यायला जीव होत नाही. केज फ्रीत पिंजरा नाही पण बाहेर सोडायची सक्तीही नाही, सगळं आयुष्य शेडमध्ये जाऊ शकतं. पाश्चर रेज्ड शब्दासोबत सर्टिफाइड ह्युमेनचा (कोंबड्यांना नीट वागवल्याचा) शिक्का असेल तर प्रत्येक कोंबडीला 108 चौरस फूट मोकळं रान द्यावं लागतं, मी आता तेच घेतो.

मग ऑरगॅनिकचे वेगळे पैसे का द्यायचे, हा माझा खरा प्रश्न. त्यात खाद्य ऑरगॅनिक असतं, अँटिबायोटिक नसतं, हे खरं. पण बाहेर सोडणं म्हणजे कित्येक ठिकाणी जाळी लावलेला पोर्चच. 2023 मध्ये नवा नियम आला, पोर्चला बाहेरची जागा धरायचं नाही असा, पण अंड्यांच्या जुन्या फार्मना बाहेरच्या जागेसाठी 2029 पर्यंत मुदत दिली आहे. म्हणून नुसतं ऑरगॅनिक मी अंड्यांत सोडलं, ह्युमेन शिक्क्याचं पाश्चर रेज्ड आमच्या दुकानात त्यापेक्षा स्वस्त पडतं. भाजी-फळांत मात्र घेतो, तिथे स्टिकर बघून लगेच कळतं, साधं केळं 4011 आणि ऑरगॅनिक 94011.

सेंट्रल जर्सीत कुणी थेट शेतावरून अंडी घेत असेल तर डझनाचा भाव सांगा, आणि ती धुवून देतात की न धुता तेही, न धुतलेली चालतील मला.