डी ड्राइव्ह कुठे गेला? फोंड्यातील एका संगणक दुकानाची सेवा

विंडोज १० साठी मिळणारी मोफत सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. माझा लॅपटॉप २०१६ चा, सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा, त्यामुळे विंडोज ११ च्या अधिकृत अटींत तो बसत नव्हता. चालता लॅपटॉप टाकून देणे जिवावर आल्याने त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली बसवून घ्यावी असे ठरवले आणि फोंड्याच्या वरच्या बाजारातील एका लहानशा दुकानात गेलो. काम उत्तम झाले, पण काय केले ते सांगण्यात दुकानदाराने हात आखडता घेतला, असे माझे मत आहे.

आधी कामाविषयी. लॅपटॉपमध्ये १ टीबीची हार्ड डिस्क होती. तिच्या जागी दुकानदाराने २४० जीबीची नवी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घातली, तिच्यावर मिंट बसवले आणि जुनी डिस्क डीव्हीडीच्या खाचेत कॅडीमध्ये (डिस्क धरणाऱ्या चौकटीत) घालून लॅपटॉपमध्येच ठेवली. कॅसेटवरून उतरवून घेतलेली वडिलांची भजने त्या जुन्या डिस्कवर आहेत, हे कळताच त्याने ती सर्व प्रथम बाहेरच्या डिस्कवर उतरवली, त्यांतील दोन वाजवून माझ्या कानांवर घातली आणि मगच स्क्रू काढायला घेतले. एवढी काळजी मी मोठ्या दुकानांतही पाहिलेली नाही. पूर्वी सुरू व्हायला चार-पाच मिनिटे घेणारा लॅपटॉप आता चहाचा पहिला घोट घेईपर्यंत तयार असतो.

घरी आल्यावर मात्र डी ड्राइव्ह सापडेना. फाइल्सच्या खिडकीत डाव्या बाजूला ‘होम’, ‘फाइल सिस्टिम’ आणि ‘७५२ जीबी व्हॉल्यूम’ अशी नावे होती. सी नव्हता, डी नव्हता. माझा डी ७०० जीबीचा होता, त्यामुळे ही ७५२ जीबीची वस्तू दुसऱ्याच कोणाची तरी असावी असे वाटून मी तिला दोन दिवस हात लावला नाही. भजनांची यादी उघडावी तर प्रत्येक ओळीला फाइल सापडत नसल्याचा संदेश येई. शेवटी लॅपटॉप काखोटीला मारून पुन्हा दुकान गाठले.

“सर, डी कुठं गेलेला नाही. इथं त्याला डी म्हणत नाहीत, एवढंच,” असे म्हणून (बोलणे अर्थात कोकणीतून चालले होते) त्याने एसएसडीच्या रिकाम्या खोक्यावर बॉलपेनने दोन चौकोन काढले. इतकी वर्षे मी सी आणि डी या दोन वेगळ्या डिस्क समजत होतो. त्या एकाच डिस्कची दोन पार्टिशने, म्हणजे दोन भाग, होते. अक्षरे देणे ही विंडोजची पद्धत, आणि ए व बी फ्लॉपीसाठी राखलेली असल्याने मोजणी सीपासून सुरू होते. लिनक्समध्ये सगळे फोल्डर एकाच मुळातून फुटतात आणि प्रत्येक पार्टिशन त्यांतील एखाद्या फोल्डरला जोडले जाते. यालाच माउंट करणे म्हणतात. त्या व्हॉल्यूमवर क्लिक करेपर्यंत ते जोडलेलेच नव्हते, मग भजने दिसणार कशी? आकड्यांचा घोळ तर त्याहून साधा निघाला. विंडोज १०२४ च्या पटीत मोजते आणि तरीही जीबीच लिहिते, तर मिंटची खिडकी डिस्कच्या खोक्याप्रमाणे १००० च्या पटीत मोजते, त्यामुळे तिकडचे ७०० म्हणजेच इकडचे ७५२. डीला मी कधी नाव दिले नव्हते, म्हणून आकारच त्याचे नाव होऊन बसला होता.

दुसरी अडचण खरोखर दुकानाच्या चुकीची होती. डी उघडे, पण त्यात नवे काही साठवता येईना. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ सुरू असले की शटडाउन केल्यावरही विंडोज पुरते बंद होत नाही, एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) असलेली पार्टिशने अर्धवट अवस्थेत राहतात आणि लिनक्स ती फक्त वाचण्यापुरती उघडते. डिस्क काढण्यापूर्वी ही सोय बंद करणे त्याच्याकडून राहिले होते. त्याने ते मान्य केले, जुन्या डिस्कवरून विंडोज सुरू करून ती सोय बंद केली, नीट शटडाउन केले आणि मिंटच्या ‘डिस्क्स’ प्रोग्रॅममधून डी आपोआप माउंट होईल अशी व्यवस्थाही करून दिली. या फेरीचे पैसे घेतले नाहीत. डी ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीत बदलून घ्यावा का, असे विचारले, तेव्हा भाच्याच्या विंडोजला तो थेट वाचता येणार नाही, तेव्हा एनटीएफएसच राहू द्या, असा सल्ला मिळाला आणि तो मला पटला.

हे सगळे पहिल्याच दिवशी दहा मिनिटांत सांगता आले असते. गिऱ्हाईक साठीपुढचे असले की त्याला फक्त इंटरनेट आणि व्हॉट्सॲप हवे, अशी बहुधा त्याची समजूत असावी. तरीही जुना लॅपटॉप घेऊन मी कोणालाही याच दुकानात पाठवीन. फक्त जाताना लॅपटॉप ताब्यात घेण्यापूर्वी आपला डी तिथेच उघडून, त्यात एक फाइल साठवून पाहावी. ते खोके मी मागून घेतले आहे, आणि त्यावरच्या दुसऱ्या चौकोनाखाली त्याने मराठीत ‘भजने’ असे लिहून दिले आहे.