मे महिन्यातलं म्युझियम: कॉलेजच्या मुलांनी काळा घोडा कसा पाहावा

सुट्टीत मुंबई बघायला निघालेले कॉलेजचे ग्रुप एकाच दिवसात गेटवे, मरीन ड्राइव्ह, कुलाब्याची खरेदी आणि म्युझियम असं सगळं कोंबतात. त्यात दक्षिण मुंबईच्या काळा घोडा भागातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास येतो. सुमारे 50,000 वस्तूंच्या संग्रहाला तो अजिबात पुरत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: तीन तास द्या, पण दालनं तीनच निवडा. मुंबईच्या उन्हाळ्यात विद्यार्थ्याला इतक्या कमी पैशांत याहून मोलाचा दिवस क्वचितच मिळेल.

वार मंगळवार ते शुक्रवारपैकी धरा. रविवारी गर्दी असतेच, शिवाय मेगाब्लॉकमुळे भरदुपारी गाड्यांचे हाल होतात. सोमवारी समोरचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय बंद असतं. सीएसएमटीहून चालत वीसेक मिनिटं लागतात. मेट्रो 3 ने आलात तर हुतात्मा चौकाला उतरा, उन्हातली चाल निम्म्याहून कमी होते. म्युझियम सव्वादहाला उघडतं. पोटपूजा आधीच उरकून घ्या, कारण काळा घोड्यातले कॅफे विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडत नाहीत. सीएसएमटीसमोर 1939 पासूनचं ‘आराम’ आहे, तिथला वडापाव आणि पियूष दुपारपर्यंत तग धरायला पुरे. विद्यार्थ्यांना तिकिटात सवलत मिळते, त्यासाठी मूळ ओळखपत्र जवळ असू द्या. दर बदलत असतात, निघण्यापूर्वी संकेतस्थळावर बघून घ्या. पाठीवरची सॅक जितकी लहान तितकं बरं.

आत शिरल्यावर बहुतेक जण तळमजल्यापासून सुरुवात करतात आणि दुपारी थकून वर पोचतात. नेमका तेव्हा वरचा मजला तापलेला असतो, आणि सगळीच दालनं वातानुकूलित नाहीत. म्हणून उलटा क्रम धरा: आधी थेट वर, मग हळूहळू खाली. वर शस्त्रदालन आहे. तिथलं अकबराचं चिलखत आणि ढाल जवळून बघा, पोलादावरची अक्षरं नीट वाचता येण्याइतकी कोरीव आहेत.

मग लघुचित्रं. इथला उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो, कारण कागद आणि जुने रंग प्रखर प्रकाशात कायमचे फिकट होतात. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना हे दालन आधी नुसतं अंधारं वाटतं आणि लोक दोन मिनिटांत बाहेर पडतात. तसं करू नका. पाचेक मिनिटं थांबलात की डोळे सरावतात आणि केसाच्या जाडीच्या रेषा दिसू लागतात. प्रत्येक चित्रासमोर धावण्यापेक्षा तीन चित्रं निवडा: एक मुघल, एक पहाडी, एक दख्खनी. तिन्हींत झाडं कशी काढली आहेत तेवढंच ताडून पाहा, शैलीतला फरक आपोआप कळतो. मोबाइलचा फ्लॅश मात्र कटाक्षाने बंद ठेवा. रेखाटनं करायची असतील तर पेन्सिलच न्या. शाईचा एक थेंब उडाला तरी भरून न येणारं नुकसान होतं.

सगळ्यात जास्त वेळ शिल्पांच्या दालनाला द्या, किमान एक तास. कर्नाटकातल्या ऐहोळेची शिल्पं, घारापुरीचे अवशेष आणि सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपाच्या भाजक्या मातीच्या मूर्ती इथे एकाच फेरीत बघायला मिळतात. म्हणजे दगड आणि माती, दोन्ही हाताळणारे कारागीर शेजारी शेजारी. समोरून फोटो काढून पुढे सरकलात तर अर्धं शिल्प हुकलं. बाजूने बघा, उठाव किती खोल आहे आणि सावली कुठे पडते ते तेव्हाच उमगतं. ऐहोळेचं उडतं गंधर्वयुगुल तर तिरक्या नजरेनेच खऱ्या अर्थाने उडताना दिसतं.

इमारतीकडेही लक्ष असू द्या. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या या वास्तूची पायाभरणी 1905 ची, पण पहिल्या महायुद्धात इथे लष्करी रुग्णालय होतं, त्यामुळे म्युझियम म्हणून दारं उघडली 1922 मध्ये. कुर्ल्याचा करडा बेसाल्ट, मालाडचा पिवळसर दगड, विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवरचा घुमट आणि आत नाशिकच्या वाड्यातून आणलेलं लाकडी कमानींचं काम. आर्किटेक्चरच्या मुलांनी तर एवढ्यासाठीच एक फेरी राखून ठेवावी. आवारातलं मुलांचं संग्रहालय 2019 चं आहे. धाकटी भावंडं सोबत असतील तर छान, एरवी टाळलंत तरी चालेल.

बाहेर पडलात की लागूनच जहांगीर कलादालन, 1952 पासूनचं आणि विनामूल्य. प्रदर्शनं साधारण मंगळवार ते सोमवार चालतात आणि चित्रकार बहुधा तिथेच बसलेले असतात. त्यांच्याशी बोला. ‘माध्यम कोणतं, किती दिवस लागले’ असं नेमकं विचारलंत तर ते मनापासून सांगतात. ‘याचा अर्थ काय’ या प्रश्नावर गप्पा तिथेच थांबतात. काच नसलेल्या चित्राला हात लावू नका, तैलरंग आतून ओले असू शकतात.

आधुनिक कला संग्रहालय याच दिवशी घ्यावं का? पाय दुखत नसतील तरच. ते सहाला बंद होतं, जहांगीर सातपर्यंत चालू असतं, त्यामुळे घ्यायचंच असेल तर आधी ते आणि मग जहांगीर. पाणी माणशी दीड लिटर ठेवा, दमट हवेत घामाचा अंदाज येत नाही आणि डोकं दुखायला लागलं की चित्रं बघवत नाहीत. परतीला चर्चगेट धरणार असाल तर वाट ओव्हल मैदानावरून काढा: पूर्वेला विद्यापीठ आणि राजाबाई टॉवरची टोकदार कमानींची गॉथिक रांग, पश्चिमेला गोलसर कोपऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. हा सगळा पट्टा 2018 पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि बघायला तिकीट लागत नाही.