लिव्हर ट्रान्सप्लांटचं ‘21 दिवसांचं पॅकेज’: इंदूरच्या कुटुंबांसाठी अभिप्राय

लिव्हर ट्रान्सप्लांटसाठी हॉस्पिटल जे खर्चाचं कोटेशन देतं, त्यावर बऱ्याचदा पेशंटच्या भरतीचे 21 दिवस आणि डोनरचे 7 ते 10 दिवस लिहिलेले असतात. डोनरचा आकडा सहसा बरोबर ठरतो. पेशंटच्या आकड्याबद्दल मात्र नीट बोलायला हवं.

1963 साली अमेरिकेत डेन्व्हरला सर्जन थॉमस स्टार्झल यांनी पहिलं लिव्हर ट्रान्सप्लांट केलं, तेव्हा पेशंट वाचला नाही. 1980च्या दशकात शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून द्यायचं सायक्लोस्पोरिन हे औषध आलं आणि पेशंट जगू लागले, पण वॉर्डात अनेक आठवडे काढावे लागत. पुढे त्याच कामाच्या टॅक्रोलिमस या औषधामुळे रिजेक्शन, म्हणजे शरीराने यकृत नाकारणं, कमी झालं. पित्तनलिकेत महिनोन्‌महिने ठेवली जाणारी टी-ट्यूब, म्हणजे पित्त बाहेर काढणारी नळी, बहुतेक ठिकाणी बंद झाली. प्रतिकारशक्ती दबलेल्या पेशंटला त्रास देणाऱ्या सीएमव्ही विषाणूसाठी शिरेतून द्यायच्या औषधाऐवजी व्हॅलगॅन्सायक्लोव्हिरची गोळी आली, म्हणजे निव्वळ सलाइनसाठी खाट अडवून ठेवायची गरज उरली नाही. व्हेंटिलेटरही आता बऱ्याच जणांचा काही तासांतच काढतात. त्यामुळे सगळं सुरळीत असेल तर दोन-तीन आठवड्यांत डिस्चार्ज मिळतो. ही सुधारणा खरी आहे आणि आम्ही तिला पूर्ण गुण देतो.

पण खाटेवरचे दिवस घटले म्हणून धोक्याचे दिवस घटलेले नाहीत. यकृताच्या धमनीत गुठळी होण्याची भीती पहिल्या एक-दोन आठवड्यांत सर्वांत जास्त असते, म्हणूनच सुरुवातीला डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) वारंवार करतात. रिजेक्शन बहुधा पहिल्या महिन्यात डोकं वर काढतं. पित्तगळती त्याच सुमारास होते, आणि जिवंत डोनरचा तुकडा बसवला असेल तर जास्त, कारण नलिका बारीक असतात. म्हणजे डिस्चार्ज धोक्याच्या ऐन मध्यावर येतो आणि वॉर्डातलं निम्मं काम भाड्याच्या खोलीत येऊन पडतं. त्या कामाबद्दल कोटेशनमध्ये एक ओळही नसते. आमचे गुण इथेच कापले जातात.

खंडवा, बुऱ्हाणपूर किंवा देवासहून येणाऱ्यांनी तीन महिन्यांसाठी हॉस्पिटलपासून अर्ध्या तासाच्या आत खोली घ्यावी. खिडकीवर कबुतरांची विष्ठा नको आणि शेजारी बांधकाम नको. दोन्हींतून बुरशी फुप्फुसात जाते. नर्मदेचं नळाचं पाणी उकळूनच प्यायचं. सराफा बाजारातलं रस्त्यावरचं खाणं आणि गाडीवरचे पोहे काही महिने बंद, कारण वर भुरभुरलेला कच्चा कांदा आणि कोथिंबीर कुठे आणि कशी धुतली ते कळत नाही. घरी पोहे गरम करा, कांदा परतून घाला. ग्रेपफ्रूट आणि पपनस (चकोतरा) मात्र पूर्ण वर्ज्य. त्यांनी रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी चढते.

सर्वांत जास्त चूक या पातळीच्या तपासणीत होते. पहिल्या महिन्यात रक्त साधारण आठवड्यातून दोनदा तपासतात. नमुना रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी, सकाळचा डोस घेण्याआधी द्यायचा असतो. गोळी घेऊन लॅबमध्ये गेलं की आकडा फुगलेला येतो, डॉक्टर डोस उतरवतात आणि आठवड्याने यकृताला इजा झाल्याची खूण असलेले एन्झाइम रक्तात वाढलेले दिसतात. बुरशीवरच्या फ्लुकोनाझोलने पातळी चढते, टीबीवरच्या रिफाम्पिसिनने घसरते. म्हणून गल्लीतल्या दवाखान्यातून कुठलीही गोळी परस्पर घेऊ नये. ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला, डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली तर सकाळची वाट न पाहता, रात्रीच फोन करावा.

सही करण्याआधी चार गोष्टी लेखी मागाव्यात. 22व्या दिवसापासून रोजचा दर किती? पित्तनलिका अरुंद झाली तर ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेवर उपचार) आणि स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी नळी) पॅकेजमध्ये आहेत का? रक्त आणि अल्ब्युमिनला (शिरेतून दिलं जाणारं रक्तातलं प्रथिन) मर्यादा आहे का? डोनरला परत भरती करावं लागलं तर बिल कोणावर? हेपॅटायटिस बीचा पेशंट असेल तर इम्युनोग्लोब्युलिनच्या (त्या विषाणूविरुद्धच्या तयार अँटिबॉडीच्या) इंजेक्शनचा खर्च वेगळा विचारावा, तो मोठा असतो.