आवाज एकच, तैगा दोन: आधी कोणता भाग पाहावा?

उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलावर, म्हणजे तैगावर, एखादा चांगला माहितीपट शोधायला लागलं की दोन नावं हमखास पुढे येतात. 'प्लॅनेट अर्थ'मधला (२००६) 'सीझनल फॉरेस्ट्स' आणि 'अवर प्लॅनेट'मधला (२०१९) 'फॉरेस्ट्स'. निवेदक तेच, डेव्हिड ॲटनबरो. दोन्ही मालिकांमागे निर्माते ॲलिस्टर फॉदरगिल. तासाभराच्या आतच संपणारे भाग. तरी मधल्या तेरा वर्षांत सांगण्याचा सूर पार बदलला आहे.

जुना भाग जंगलाच्या शांततेवर जीव लावतो. पृथ्वीवरची एक तृतीयांश झाडं तैगात आहेत, आणि एवढ्या झाडांत प्राणी मात्र शोधावे लागतात. सुयांसारखी चिवट पानं खाऊन पोट भरणारे किती असणार? तिथे वुल्व्हरिन हा छोट्या अस्वलासारखा दिसणारा शिकारी प्राणी दिसतो, बर्फावरून एकटाच निघालेला. पंजे इतके पसरट की भुसभुशीत बर्फातही तो रुतत नाही. थंडी अंगावर येते ती अशा दृश्यांत. पण तैगा सुरुवातीलाच उरकतो; पुढे रेडवूड, भारतातलं सागवान, मादागास्करचे बाओबाब अशी भटकंती. अमूर बिबट्याच्या निमित्ताने काळजीचा सूर लागतो, एरवी धोक्याची चर्चा फारशी नाही. ती बीबीसीने 'द फ्यूचर' नावाच्या तीन भागांच्या वेगळ्या मालिकेत नेऊन ठेवली. मला तो कप्पेबंदपणा आजही खटकतो.

नवा भाग डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेच्या सहकार्याने केलेला, त्यामुळे धोका गोष्टीतच विणलेला आहे. रशियाच्या अतिपूर्वेचा सायबेरियन वाघ हा त्याचा हुकमी एक्का. तिथलं गणित असं: कोरियन पाइनच्या बियांवर रानडुकरं पोसली जातात आणि डुकरांवर वाघ. म्हणजे लाकडासाठी पाइन तोडला की वाघाला हातही न लावता त्याची उपासमार करता येते. शेवटी अणुदुर्घटनेचं चेर्नोबिल येतं, माणूस उठून गेल्यावर परतलेलं जंगल. हा शेवट जमून आलाय. हाही भाग मध्येच आफ्रिकेत रानकुत्र्यांच्या मागे जातो, पण तेवढं चालवून घ्यावं. चित्रण फोर-केमधलं, त्यामुळे मोठ्या पडद्यावर जुना भाग थोडा फिका वाटतो.

एक लक्षात असू द्या. २०२३ मध्ये कॅनडात दीड कोटी हेक्टरच्या आसपास जंगल जळलं. दोन्ही भाग त्याआधीचे. त्यामुळे आगीची आजची स्थिती कळायला वेगळं वाचावं लागेल.

जंगल का धोक्यात आहे हे समजून घ्यायचं असेल, तर २०१९चाच लावा. आधी त्या जंगलाची ओढ लागायला हवी असेल, तर २००६च्या भागाची निदान सुरुवात पाहा. मी स्वतः याच क्रमाने जाईन. फक्त जुनी मालिका घेताना आवाज तपासून घ्या. तिच्या अमेरिकी आवृत्तीत निवेदन सिगॉर्नी वीव्हर यांचं आहे.