मानसिक आजाराचं विमा कव्हर: ॲडमिट झालात तर आहे, ओपीडीत जवळपास नाही

बाजारातल्या बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींच्या माहितीपत्रकात आता ‘मानसिक आजार समाविष्ट’ अशी ओळ दिसते. ती खोटी नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) प्रमाणे शारीरिक आजाराला ज्या आधारावर विमा मिळतो, त्याच आधारावर मानसिक आजारालाही तो देणं प्रत्येक कंपनीला बंधनकारक आहे. कायदा २९ मे २०१८ ला लागू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांच्या सरकारी नियामकाने, कंपन्यांना पत्रक पाठवलं, २०१९ मध्ये मानसिक आजार वगळायला मनाई केली आणि तरीही ऑक्टोबर २०२२ मध्ये ३१ तारखेची मुदत घालून सगळ्या योजना दुरुस्त करायला सांगावं लागलं. इतक्यांदा बजावूनही क्लेमच्या टेबलावर फारसा फरक पडलेला नाही, आणि त्याचं कारण पॉलिसीच्या रचनेतच आहे.

आपल्याकडची आरोग्य पॉलिसी बेडभोवती बांधलेली आहे. सलग २४ तास भरती असेल तर खर्च मिळतो. अपेंडिक्सला हे लागू पडतं. नैराश्य, चिंताविकार, ओसीडी (मंत्रचळ) यांचा उपचार मात्र महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं ओपीडीत चालतो: मानसोपचारतज्ज्ञांची फी, रोजच्या गोळ्या, आठवड्याचं थेरपीचं सत्र. म्हणजे ‘त्याच आधारावर’ हे शब्द तंतोतंत पाळूनही बहुतांश रुग्णांच्या हाती काहीच पडत नाही. कव्हर म्हणून हे अपुरं आहे, आणि घेणाऱ्याने ते गृहीत धरूनच घ्यावं.

ओपीडी रायडर, म्हणजे जादा प्रीमियम भरून पॉलिसीला जोडायचं ओपीडीचं कव्हर, मिळतो, पण त्याचे शब्द बारकाईने वाचा. बऱ्याच रायडरमध्ये फक्त ‘डॉक्टरांचा सल्ला’ धरलेला असतो. औषधं आणि थेरपी बाहेर. काहींत कंपनीच्या ॲपवरच सल्ला घ्यावा लागतो, त्यामुळे ज्यांच्याकडे आधीपासून उपचार चालू आहेत ते डॉक्टर सोडावे लागतात. मानसोपचारात हे परवडत नाही. रायडरचा जादा प्रीमियम आणि त्याची वार्षिक मर्यादा शेजारी शेजारी लिहून पाहा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतील तर तो विमा नाही, तुमचेच पैसे तुम्हाला हप्त्यांनी परत मिळतात.

थेरपीची बिलं अडतात ती एका व्याख्येमुळे. पॉलिसीत ‘मेडिकल प्रॅक्टिशनर’ म्हणजे वैद्यकीय परिषदेची नोंदणी असलेली व्यक्ती. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी असते भारतीय पुनर्वास परिषदेकडे. मानसिक आरोग्य कायदा त्यांना मानसिक आरोग्य व्यावसायिक मानतो, पॉलिसी मानत नाही. भरतीदरम्यान रुग्णालयात झालेलं आणि रुग्णालयाच्याच बिलात आलेलं सत्र सहसा निघून जातं. बाहेरच्या क्लिनिकची सुटी पावती अडते. डिस्चार्जनंतरचा खर्च पॉलिसीप्रमाणे ६० किंवा ९० दिवस मिळतो. तो काळ वापरायचा असेल तर डिस्चार्ज समरीतच ‘सीबीटी (विचार आणि वागणूक बदलण्याची थेरपी), आठवड्यातून एकदा, इतकी सत्रं’ असं मानसोपचारतज्ज्ञांकडून लिहून घ्या. तेवढ्याने बिल मंजूर होईलच असं नाही, पण त्या कागदाशिवाय ते भरतीच्या आजाराशी जोडताच येत नाही.

आता भरतीचं. मानसोपचाराच्या क्लेमवर टीपीएची (कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेची) सर्वांत नेहमीची क्वेरी असते: ‘हे ओपीडीत झालं असतं, भरतीची गरज काय?’ किंवा भरती फक्त तपासणी आणि निरीक्षणासाठी होती असं म्हणून एक्सक्लूजन ०४, म्हणजे खर्च वगळणारं पॉलिसीतलं प्रमाणित कलम, लावलं जातं. मानसोपचार वॉर्डचे केस पेपर वरवर पाहता रिकामे वाटतात. सलाइन नाही, ऑपरेशन नाही, स्कॅन नाही. म्हणून कारण शब्दांत यावं लागतं. स्वतःला इजा करण्याचा धोका किती आणि कशावरून ठरवला; खाणंपिणं कधीपासून बंद आहे; घरी औषध का देता येत नव्हतं; लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) सुरू केलं असेल तर रक्तातली पातळी कधी तपासली; क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरचं औषध) असेल तर पांढऱ्या पेशींची मोजणी. रोजच्या नोंदीत ‘स्थिती तशीच, औषध चालू’ एवढंच असेल तर क्लेम नाकारायला तेवढं पुरतं. निदानाचा आयसीडी कोडही (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला क्रमांक) पूर्ण हवा. ‘डिप्रेशन’ या एका शब्दापेक्षा एफ ३२.२, म्हणजे तीव्र नैराश्याचा झटका, हा कोड भरतीची गरज स्वतःच सांगतो.

रुग्णालय निवडताना दोन कागद विचारा. एक, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी. दुसरा, रुग्णालय म्हणून स्थानिक नोंदणी. ही दुसरी नोंदणी नसेल तर पॉलिसीची किमान अट लागते: दहा लाखांखालच्या लोकवस्तीत १० बेड, इतरत्र १५. लहान मानसोपचार नर्सिंग होम इथेच अडकतं. पुनर्वसन केंद्रातला मुक्काम एक्सक्लूजन ०५ मध्ये जातो, मग तिथे रोज डॉक्टर येत असले तरी. शिवाय अशा वॉर्डमध्ये रुग्णासोबत माणूस ठेवायला सांगतात आणि त्या अटेंडंटचे पैसे बिलात लागतात. ते न मिळणाऱ्या बाबींत मोडतात, तेव्हा तो खर्च आधीच धरून ठेवा.

ईसीटीबद्दल, म्हणजे मेंदूला विजेचा नियंत्रित झटका देऊन करायच्या उपचाराबद्दल, वेगळं सांगायला हवं, कारण इथे रुग्णाची बाजू भक्कम आहे आणि फार कुणी ती मांडत नाही. ईसीटी काही तासांत होते, म्हणून ‘२४ तास भरले नाहीत’ असं उत्तर येतं. पण डे-केअर उपचाराची व्याख्या पाहा: भूल देऊन, रुग्णालयात, २४ तासांच्या आत केलेला उपचार, जो एरवी भरती करून करावा लागला असता. कायद्याच्या कलम ९५ प्रमाणे भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी करताच येत नाही. कंपनीच्या डे-केअर यादीत नाव नसलं तरी या व्याख्येवर बोट ठेवून भांडता येतं. एका कोर्समध्ये साधारण ६ ते १२ सत्रं असतात. प्रत्येक सत्राला वेगळा अर्ज करण्याऐवजी अंदाजे संख्या लिहून एकच प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधीची मंजुरी, मागा.

व्यसनाच्या बाबतीत तर कायदा आणि पॉलिसी समोरासमोर उभे आहेत. कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेल्या मानसिक अवस्था स्पष्टपणे धरल्या आहेत. एक्सक्लूजन १२ मात्र व्यसनाचा उपचार आणि त्याचे परिणाम वगळतं. त्यामुळे बायपोलर असलेल्या माणसाच्या केस पेपरवर ‘दारू घेतो’ एवढी नोंद असली तरी क्लेम त्या खणात ढकलला जातो. दोन्ही निदानं असतील तर भरती कोणत्या आजारासाठी झाली हे डॉक्टरांनी वेगळं लिहायला हवं. आत्महत्येच्या प्रयत्नानंतरच्या आयसीयूचंही असंच. कायद्याचं कलम ११५ अशा माणसावर तीव्र ताण होता असं गृहीत धरतं. अनेक पॉलिसी ‘हेतुपुरस्सर केलेली इजा’ म्हणून हात वर करतात. माणूस सर्वांत जास्त संकटात असतो तिथेच पॉलिसीतली ही अट आड येते, आणि ती बदललीच पाहिजे. तोवर, पॉलिसी घेण्याआधी हा प्रश्न ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा.

प्रपोजल फॉर्मवर आजार लपवू नका. आधीच्या आजाराचं कव्हर सुरू व्हायला जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं; ६० महिने सलग पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती दडवल्याचा मुद्दा काढता येत नाही. एक सापळा मात्र ओळखून असा. ॲमिट्रिप्टिलिन मायग्रेनसाठी आणि मज्जातंतूंच्या दुखण्यासाठीही देतात. जुन्या चिठ्ठीवर कारण नसेल तर ते नैराश्याचं औषध म्हणून वाचलं जातं आणि ‘तुम्ही सांगितलं नाही’ असा ठपका येतो. कारण लिहून घ्या. निदान आधीच झालेलं असेल तर नोकरीतला ग्रुप विमा सहसा बरा, कारण त्यात आधीच्या आजारांचा वेटिंग पीरियड बऱ्याचदा माफ असतो.

क्लेम नाकारला तर फोनवरचं उत्तर स्वीकारू नका; पॉलिसीतलं नेमकं कलम लिहिलेलं पत्र मागा. आयआरडीएआयच्या २०२४ च्या मास्टर सर्क्युलरनुसार कंपनीच्या समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही, तेव्हा ती मंजुरी घेतली होती का हेही विचारा. मग कंपनीचा तक्रार अधिकारी, सोबत आयआरडीएआयचं तक्रारींसाठीचं बीमा भरोसा पोर्टल. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल: ५० लाखांपर्यंतचे वाद, फी नाही, वकील नाही, अंतिम नकारापासून एक वर्षाची मुदत. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्यात कार्यालयं आहेत. तक्रारीत दुःखाचं वर्णन दोन ओळींत आटोपा आणि कलम २१(४), नकाराचं पत्र, संपूर्ण इनडोअर केस पेपर (भरतीदरम्यानच्या रोजच्या नोंदी) आणि भरती का टाळता येत नव्हती याचं डॉक्टरांचं सहीशिक्क्याचं पत्र जोडा. इनडोअर पेपरची प्रत डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या.